आवाज येतो, पण चित्र दिसत नाही : एलईडी टीव्हीचा दोष नेमका ओळखायचा कसा?

मुळाकाठ (धागाकर्ता)

आमच्या घरी ३२ इंची एलईडी टीव्ही आहे. तो घेऊन साडेपाच वर्षे झाली. गेल्या आठवड्यात आईची रात्रीची मालिका चालू असताना पडदा एकाएकी काळा झाला. आवाज मात्र अखंड चालू राहिला. पहिले दोन दिवस संच बंद करून पुन्हा लावला की बोधचिन्ह जेमतेम एक सेकंद दिसायचे आणि पुन्हा अंधार व्हायचा. आता तेवढाही उजेड येत नाही. रिमोटने वाहिनी बदलते, आवाज कमीजास्त होतो, खालचा लाल दिवाही नेहमीसारखा लागतो आणि विझतो.

अधिकृत सेवाकेंद्रातून आलेल्या गृहस्थांनी मागचे झाकण न उघडताच ‘पॅनेल गेले आहे’ असे सांगितले आणि खर्चाचा जो आकडा लिहून दिला, तो नव्या संचाच्या किमतीच्या जवळपास जातो. मी विद्युत शाखेची पदविका घेतली आहे, मल्टिमीटर हाताळता येतो, घरात सोल्डरिंग आयर्न आहे. पण टीव्ही आजवर कधी उघडलेला नाही. पॅनेल खरोखर गेले आहे की दोष दुसरीकडेच आहे, हे कोणत्या पुराव्यावरून ठरवायचे, एवढे जाणकारांनी सांगावे. दुरुस्त होऊ शकणारी वस्तू न तपासता भंगारात देण्यास मन तयार होत नाही.

तांबेतार

सांगलीत माझे दुरुस्तीचे दुकान आहे आणि हे काम करत मला १९ वर्षे झाली. तुम्ही वर्णन केलेला दोष घेऊन माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन तरी संच येतात. त्यातील बहुतेकांना कुणीतरी आधीच ‘पॅनेल गेले’ असे सांगितलेले असते, आणि या वाक्याची मला मनापासून चीड आहे, कारण त्यापायी चांगले संच भंगारात जातात.

एक गोष्ट आधी समजून घ्या. एलसीडी पॅनेल स्वतः प्रकाश देत नाही. ते फक्त मागून येणारा प्रकाश ठिकठिकाणी अडवते किंवा जाऊ देते. प्रकाश येतो तो पॅनेलमागे बसवलेल्या एलईडीच्या पट्ट्यांमधून, ज्यांना आम्ही बॅकलाइटच्या पट्ट्या म्हणतो. ‘एलईडी टीव्ही’ हे नावच मुळी या पट्ट्यांवरून पडले आहे. पडदा एलसीडीचाच असतो. त्यामुळे पट्ट्या विझल्या तरी पॅनेल आपले चित्र तयार करतच राहते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

यावरूनच परीक्षा ठरते. आज रात्री खोलीत पूर्ण अंधार करा, संच चालू करा, आवाज येऊ लागला की मोबाइलची विजेरी पडद्याच्या अगदी जवळ, दोन-तीन इंचांवर, तिरपी धरा आणि हळूहळू फिरवा. रिमोटचे मेनूचे बटण दाबून ठेवलेत तर आणखी सोपे जाईल, कारण मेनूतील अक्षरे स्थिर असतात आणि चटकन ओळखू येतात. उजेडाच्या वर्तुळात हलते चित्र पुसट दिसले, तर पॅनेल, टीकॉन (पॅनेलला चित्र पुरवणारा बोर्ड) आणि मदरबोर्ड (संचाचा मुख्य बोर्ड) हे तिन्ही काम करत आहेत आणि दोष एकतर पट्ट्यांत किंवा त्यांना वीज देणाऱ्या भागात आहे. काहीच दिसले नाही, तर पुढचा विचार वेगळा करावा लागेल. झाकणाला अजून हात लावू नका.

मुळाकाठ

काल रात्री साडेदहाला दिवे घालवून, पडदे ओढून परीक्षा केली. विजेरीच्या वर्तुळात मेनूची अक्षरे वाचता आली. मेनू बंद केल्यावर मालिकेतील बाईचा चेहरा आणि हलणारे ओठ दिसले, जणू काळ्या पाण्याच्या तळाशी काहीतरी हलते आहे. आईने शेजारी बसून ते पाहिले आणि पात्राचे नावही सांगितले. म्हणजे पॅनेल शाबूत आहे, असेच समजावे का?

तांबेतार

होय, निश्चिंत मनाने समजा. आता दोष दोनपैकी एका ठिकाणी आहे : पट्टीतील एखादा एलईडी आतून तुटला (ओपन झाला) आहे किंवा पट्ट्यांना वीज देणारा ड्रायव्हर बंद पडला आहे. ते ठरवायला झाकण उघडून मोजावे लागेल, पण त्याआधी सावधगिरीच्या काही गोष्टी नीट वाचा.

संचाचा प्लग भिंतीतून काढा; नुसते रिमोटने बंद करणे किंवा बटण बंद करणे पुरेसे नाही. पॉवर सप्लायमध्ये एक जाडजूड कपॅसिटर असतो, त्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट असे छापलेले असते. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यात सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात, आणि ज्या संचांत पीएफसीची (पॉवर फॅक्टर सुधारणारी) मांडणी असते तिथे हा आकडा ३८० ते ४०० पर्यंत जातो. प्लग काढल्यानंतरही हा साठा काही वेळ टिकू शकतो, आणि विशेषतः सप्लाय बिघडलेला असेल तर बराच वेळ टिकतो. अनेकजण पेचकस आडवा टाकून तो कपॅसिटर शॉर्ट करतात. ते करू नका, त्यात ठिणगी उडून कपॅसिटरला आणि आजूबाजूच्या भागांना इजा होते. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या तारांना जोडून कपॅसिटरच्या दोन पायांवर दहा सेकंद धरा आणि मग मीटरने व्होल्टेज उतरले आहे याची खात्री करा.

दुसरी गोष्ट, मापनासाठी संच चालू ठेवावा लागेल तेव्हा एक हात मागे ठेवा, पायात रबरी चप्पल असू द्या आणि घरात दुसरे कुणीतरी जागे असू द्या. सप्लायच्या बोर्डावर गरम बाजू (भिंतीतील विजेशी थेट जोडलेली) आणि थंड बाजू (तिच्यापासून अलग केलेली, कमी व्होल्टेजची) अशी विभागणी असते. बहुतेक बोर्डांवर त्यांच्या मधोमध पांढरी रेघ छापलेली दिसते. गरम बाजूकडे तुमचे काही काम नाही. मीटरची काळी काडी थंड बाजूच्या ग्राउंडला लावा आणि पट्ट्यांकडे जाणाऱ्या जोडणीवरचा व्होल्टेज मोजा. तुमच्या मीटरला सर्वोच्च आकडा पकडून ठेवण्याचे बटण असेल तर ते वापरा, कारण हवा असलेला आकडा क्षणभरच दिसतो.

जुनी_पेठ

धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहीत आहे. मी १९८४ पासून निवृत्त होईपर्यंत पिक्चर ट्यूबचे संच दुरुस्त केले. १९८२ साली, एशियाडच्या वर्षी, रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढच्या चार-सहा वर्षांत घराघरांत संच आले. आमचे शिक्षण त्या गर्दीतच झाले. आज पट्ट्या आहेत आणि तेव्हा ट्यूब होती, पण श्री. तांबेतार यांनी जी विजेरीची परीक्षा सांगितली, तिच्यामागचा विचार आमच्या काळीही तोच होता : झाकण उघडण्यापूर्वी संचाकडूनच जेवढे कळेल तेवढे काढून घ्यायचे.

संच चालू करताच ट्यूबच्या काचेजवळ हात नेला आणि हातावरचे केस उभे राहिले, तर ईएचटी, म्हणजे ट्यूबला लागणारी अतिउच्च दाबाची वीज, आली आहे हे कळायचे. रंगीत २१ इंची संचात ती २५ हजार व्होल्टच्या आसपास असे. लाइन आउटपुटचा, म्हणजे चित्राच्या आडव्या ओळी आखणारा, भाग १५,६२५ हर्ट्झवर चालतो, त्याची बारीक शिट्टी तरुण कानांना ऐकू येते. शिट्टी आली नाही तर लाइन सुरूच झालेली नाही, मग दोष शोधायचा तो याच भागातील हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये आणि त्याला पोसणाऱ्या सप्लायमध्ये. आणि पडद्यावर मधोमध एकच झगझगीत आडवी रेघ दिसली, तर दोष व्हर्टिकलमध्ये, म्हणजे चित्र वरपासून खालपर्यंत पसरवणाऱ्या भागात. अशा वेळी पहिले काम म्हणजे ब्राइटनेस पार खाली आणणे, नाहीतर फॉस्फरवर, म्हणजे ट्यूबच्या काचेमागील चमकणाऱ्या थरावर, ती रेघ कायमची जळते. मग व्हर्टिकल आयसीचे पाय भिंगातून पाहायचे. आयसी तापून तापून पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढे गोल चिरायचे, त्यालाच आम्ही ड्राय सोल्डर म्हणत असू. दहातले निम्मे तरी संच केवळ तेवढे पाय सोल्डर वितळवून पुन्हा ओले केले की उठून बसत. सुटा भाग एकही बदलावा लागत नसे.

हे सांगण्याचे कारण असे की, ड्राय सोल्डर आजही होते. सप्लायवरील ट्रान्सफॉर्मरचे, कॉइलचे आणि जोडण्यांचे पाय भिंगाखाली पाहिल्याशिवाय कोणताही भाग बदलू नका.

मुळाकाठ

दोघांचेही आभार. आज दुपारी झाकण काढले. मुख्य कपॅसिटर सांगितल्याप्रमाणे रिकामा करून मीटरने तपासला, मग सर्व जोडण्या भिंगातून पाहिल्या. चिरलेले सोल्डर कुठेही आढळले नाही, फुगलेला कपॅसिटरही नाही. त्यानंतर संच चालू करून मोजले.

स्टँडबायचे ५ व्होल्ट स्थिर आहेत आणि मदरबोर्डला जाणारे १२ व्होल्टही स्थिर आहेत. पट्ट्यांच्या जोडणीवर मात्र संच चालू होताच आकडा ७८ व्होल्टपर्यंत उडी मारतो, सुमारे एक सेकंद तिथे राहतो आणि नंतर २३ व्होल्टवर येऊन थांबतो. बोर्डावरील लेखनानुसार या ड्रायव्हरला २४ व्होल्टचा पुरवठा आहे. तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा हेच घडले.

तांबेतार

उत्तम मोजलेत. हे तीन आकडे स्वतःच बोलतात.

ड्रायव्हर मेलेला असता तर २३ च्या वर आकडा गेलाच नसता. ७८ पर्यंत तो चढतो, याचा अर्थ तो पट्ट्यांतून विद्युतप्रवाह ढकलायचा प्रयत्न करतो, प्रवाह वाहत नाही म्हणून व्होल्टेज वाढवत जातो आणि मर्यादेपलीकडे गेल्यावर सुरक्षा मांडणी त्याला बंद करते. मग उरतात ते पुरवठ्याचे २४ व्होल्ट, डायोडमधील घट वजा जाता २३. तुमच्या आकाराच्या संचात बऱ्याचदा प्रत्येकी ६ एलईडीच्या ३ पट्ट्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. एलईडी ३ व्होल्टचे असतील, तर १८ एलईडींना मिळून ५४ ते ५८ व्होल्ट लागतात. म्हणजे ७८ हा आकडा ‘वाट कुठेतरी तुटली आहे’ असेच सांगतो. याउलट एखादा एलईडी शॉर्ट झाला असता, तर आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला असता.

सुरुवातीला सेकंदभर उजेड दिसायचा, त्याचे कारणही आता उलगडते. एलईडीच्या आतील बारीक तार थंड असताना टेकायची आणि गरम होताच सुटायची. आता ती पुरती सुटली आहे. सगळे एकामागोमाग जोडलेले असल्यामुळे एक गेला की अठराच्या अठरा विझतात.

खात्रीसाठी एलईडी पट्टीचा टेस्टर मिळाला तर तो जोडणीवर लावून पाहा. तो स्वतःच व्होल्टेज वाढवत जातो पण प्रवाह काही मिलिअँपच देतो, त्यामुळे धोका कमी असतो. तो लावूनही उजेड आला नाही की पॅनेल उघडण्यावाचून इलाज नाही.

गोदातीर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण सप्लायशीच संबंधित आहे. नाशिकला आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी संच चालू होत नाही, फक्त लाल दिवा मिचमिचतो. तासाभराने, ऊन चढल्यावर, तोच संच व्यवस्थित चालू होतो आणि रात्रीपर्यंत चालतो. उन्हाळ्यात ही तक्रार अजिबात नसते.

तांबेतार

थंडीत अडून बसणारा आणि ऊब मिळाल्यावर चालणारा संच म्हटला की सप्लायच्या थंड बाजूचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी पाहावेत. आतील द्रव सुकत गेला की त्यांचा अंतर्गत रोध म्हणजे ईएसआर वाढतो, आणि थंडीत तो आणखी वाढतो. डोके वर फुगलेले असेल तर दोष डोळ्यांनीच दिसतो. पण न फुगताही कपॅसिटर कामातून गेलेले असतात, म्हणून ईएसआर मीटर हवा. तो नसेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने त्या भागाला एक मिनिट दुरून ऊब द्या. संच लगेच चालू झाला तर निदान पक्के झाले. बदलताना १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे घ्या. व्होल्टेज छापील आकड्याइतके किंवा एक पायरी वरचे चालेल, खालचे कधीही नको, आणि उणे-अधिक पाय उलटे बसणार नाहीत याची काळजी घ्या.

हिरवादेठ

सोलापूरहून लिहीत आहे. आमच्या ४३ इंची संचावर डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत चार बारीक उभ्या रेघा आल्या आहेत आणि दर महिन्याला एखादी वाढते आहे. दुकानदार म्हणतात की टीकॉन बदलून पाहू. मी मेनू उघडून पाहिला, तर मेनूवरूनही रेघा तशाच जातात. टीकॉन बदलण्यावर खर्च करावा का?

तांबेतार

ताई, मेनू उघडून पाहिलात हे फार योग्य केलेत. मेनू संच स्वतः तयार करतो. त्यावरही रेघा आहेत म्हणजे केबल, डिश किंवा सेट टॉप बॉक्स यांचा दोष नाही.

आता टीकॉनबद्दल. टीकॉन हा बोर्ड मदरबोर्डकडून आलेले चित्र घेऊन पॅनेलच्या ओळी आणि स्तंभ कधी चालवायचे याचे वेळापत्रक सांभाळतो. त्याच्यावर पॅनेलसाठीचे वेगवेगळे व्होल्टेज तयार होतात : व्हीजीएच (ओळ चालू करणारा) २५ ते ३० व्होल्टच्या आसपास, व्हीजीएल (ओळ बंद करणारा) उणे ५ ते उणे १० च्या आसपास, एव्हीडीडी (स्तंभांसाठीचा) साधारण १५. यातला एखादा गेला तर दोष पूर्ण पडद्यावर किंवा अर्ध्या पडद्यावर उमटतो. पडदा पांढरा पडतो, चित्र निगेटिव्हसारखे दिसते, सावल्या पडतात. ठरावीक जागी चिकटून बसलेल्या, महिन्यामहिन्याने वाढणाऱ्या बारीक उभ्या रेघा हे टीकॉनचे लक्षण नाही.

काचेच्या कडेला पातळ फिल्मवर चिप बसवलेल्या पट्ट्या असतात, त्यांना सीओएफ म्हणतात. त्या काचेला सोल्डरने नव्हे, तर विद्युतवाहक चिकट फितीने उष्णता आणि दाब देऊन जोडलेल्या असतात. ती जोड सुटू लागली की एकेक स्तंभ मोकळा होतो आणि रेघ उमटते. या ठिकाणी आयर्न लावून काही साधत नाही. त्यासाठी बाँडिंगचे यंत्र लागते आणि ते मोजक्याच ठिकाणी आहे. ४३ इंची संचासाठी तो खर्च करावा की नाही, हे संचाच्या वयावर ठरवा. तुमच्या बाबतीत ‘पॅनेलचा दोष’ हेच खरे उत्तर आहे, आणि ते स्पष्ट सांगणे हेही आमचे काम आहे. टीकॉनवर पैसे घालू नका.

काही कारागीर पॅनेलकडे जाणाऱ्या चपट्या केबलच्या ठरावीक पायांवर चिकटपट्टी लावून दोष दाबतात. पडद्याच्या एका बाजूची गेट लाइन (आडव्या ओळी चालवणारी वाट) शॉर्ट होऊन चित्र विझत असेल किंवा आडवे फाटत असेल, तर तो उपाय चालतो, कारण दुसऱ्या बाजूने ओळी चालवता येतात. तुमच्या उभ्या रेघांना तो लागू नाही. आणि कुणी पडद्याच्या कडेला अंगठ्याने दाबून रेघ घालवून दाखवली, तर ती दुरुस्ती समजू नका. काच तडकण्याचा धोका मात्र पक्का आहे.

रेडीबंदर

आमच्या सिंधुदुर्गात संच मरतात ते मुख्यतः विजेने, म्हणून दोन अनुभव नोंदवतो. मी गावातच दुरुस्ती करतो.

पहिला अनुभव मे अखेरीचा आणि परतीच्या पावसाचा. लोक गडगडाट सुरू झाला की भिंतीतील प्लग काढतात, पण डिशची तार आणि एचडीएमआय तशीच राहते. जवळपास वीज पडली की तिचा झटका डिशच्या तारेतून सेट टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने मदरबोर्डमध्ये शिरतो. संच चालू राहतो, पण एचडीएमआयचे एक बंदर कायमचे मुके होते. कधी मदरबोर्डच जातो. म्हणून प्लगबरोबर डिशची तारही काढावी, आणि छपरावरील डिशचा खांब अर्थिंगला जोडलेला असावा.

दुसरा अनुभव न्यूट्रल तुटण्याचा. वादळात फांदी पडून तारेतील न्यूट्रल तुटली की घरातील २३० व्होल्टचे ४०० च्या जवळ जाऊ शकतात. अशा वेळी सप्लायच्या तोंडाशी असलेला व्हॅरिस्टर, म्हणजे निळी चपटी चकती, स्वतः शॉर्ट होते आणि फ्यूज उडवते. त्यामुळे तिच्यापुढचा बाकीचा संच वाचतो. बहुतेक संचांत तिच्यावर ४७१ असे छापलेले असते. माझ्याकडे आलेल्या एका संचात आधीच्या कारागिराने जळकी चकती कापून टाकली होती, तिची जागा मोकळी ठेवली होती आणि फ्यूजऐवजी तांब्याची तार लावली होती. पुढच्या वादळात त्या घराचा सप्लाय कोळसा झाला, लाकडी कपाटाला धग लागली आणि झोपलेली माणसे धुराने जागी झाली. नशिबाने कुणाला इजा झाली नाही. फ्यूजच्या जागी तार लावणे हा माझ्या मते अक्षम्य प्रकार आहे. चकती आणि फ्यूज दोन्ही त्याच मापाचे नवे घाला, आणि संच पहिल्यांदा चालू करताना १०० वॉटचा जुना पिवळा (तारेचा) दिवा सिरीजमध्ये, म्हणजे विजेच्या वाटेत मध्ये, लावा. दिवा क्षणभर लागून मंद झाला तर ठीक. पूर्ण तेजाने लागून राहिला तर पुढे अजून शॉर्ट आहे.

मुळाकाठ

टेस्टरने उजेड आला नाही, म्हणून रविवारी पॅनेल उघडले. भाऊ मदतीला होता. ज्यांना हे पहिल्यांदा करायचे आहे त्यांच्यासाठी तपशील देतो.

आदल्या दिवशी पलंगावर स्वच्छ धुतलेली चादर अंथरली, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. बाहेरची चौकट निघाल्यावर काचेच्या एका कडेला सीओएफच्या पट्ट्या दिसल्या. त्या तपकिरी रंगाच्या आणि सिगारेटच्या कागदासारख्या पातळ आहेत. त्यांना एकदाही मुरड पडू न देता काच उचलणे हाच या कामातला खरा अवघड भाग. काच आणि तिच्याशी जोडलेली बोर्डाची पट्टी दोघांनी एकाच वेळी, एकाच पातळीत उचलली आणि बाजूला सपाट ठेवली. मला घाम फुटला होता, म्हणून हातात सुती मोजे घातले होते. त्याखाली तीन पातळ फिल्म आणि एक जाड दुधी फळी निघाली. प्रत्येकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला कागदी चिकटपट्टी लावून क्रमांक लिहिला, कारण क्रम किंवा बाजू चुकली तर उजेड एकसारखा पडत नाही.

सर्वांत खाली पांढऱ्या परावर्तक कागदातून डोकावणारे १८ एलईडी होते. त्यांच्यावर बशीसारखी गोल भिंगे आहेत. मधल्या पट्टीतील चौथ्या एलईडीवर मोहरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका होता आणि भोवतालचा पांढरा कागद चहाच्या डागासारखा पिवळसर झाला होता. टेस्टरने एकेक एलईडी तपासला : १७ लागतात, तो एक लागत नाही.

तेवढाच एक बदलावा की सगळ्या पट्ट्या बदलाव्यात? आणि तो का जळला असेल?

तांबेतार

सगळ्या पट्ट्या बदला. बाकीचे १७ साडेपाच वर्षे तितकेच तापले आहेत. एक बदललात तर काही महिन्यांत दुसरा जाईल आणि तीच नाजूक काच पुन्हा उचलावी लागेल. शिवाय नवा एलईडी जुन्यांपेक्षा जास्त उजळ आणि निळसर दिसतो, त्यामुळे पडद्यावर तेवढ्याच जागी ठिपका उमटतो.

पट्टी घेताना संचाचा नुसता मॉडेल क्रमांक सांगून भागत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या पॅनेलचे संच निघतात. जुनी पट्टी बरोबर न्या. तिच्यावर छापलेला क्रमांक, लांबी, एलईडींची संख्या, त्यांच्यातील अंतर, एलईडी ३ व्होल्टचा की ६ व्होल्टचा, आणि जोडणीतील अधिक-उणे हे सगळे जुळले पाहिजे. तुम्ही पुण्यात आहात असे दिसते. बुधवार पेठेत मिळेल, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला नक्की मिळेल. अ‍ॅल्युमिनियमच्या पाठीची मिळाली तर तीच घ्या. साध्या फायबरच्या पट्टीपेक्षा ती उष्णता चांगली वाहून नेते.

जळण्याचे कारण उष्णता. अनेक संच दुकानात झगझगीत दिसावेत म्हणून बॅकलाइटला भरपूर प्रवाह दिलेला असतो, आणि घरी आणल्यावर ग्राहक तो कधी कमी करत नाही. ड्रायव्हरजवळ प्रवाह मोजणारे लहान रेझिस्टर समांतर जोडलेले असतात. त्यांची किंमत वाचून इथे लिहा.

मुळाकाठ

तीन रेझिस्टर आहेत, प्रत्येकी २ ओहम, समांतर. ड्रायव्हर आयसीच्या माहितीपत्रकात संदर्भ व्होल्टेज (या रेझिस्टरांवर ड्रायव्हर जो राखतो तो) ०.३ व्होल्ट दिले आहे. म्हणजे एकूण रोध ०.६७ ओहम आणि प्रवाह सुमारे ४५० मिलिअँप होतो.

तांबेतार

तीनपैकी एक काढा. रोध १ ओहम होईल, प्रवाह ३०० मिलिअँपवर येईल आणि पट्ट्यांत खर्च होणारी शक्ती सुमारे २५ वॉटवरून १७ च्या आत येईल. उजेड मात्र तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही, कारण एलईडी कमी प्रवाहावर आणि कमी तापमानाला अधिक कार्यक्षम असतो. काढलेला रेझिस्टर चिकटपट्टीने झाकणाच्या आत लावून ठेवा आणि तारीख लिहा, म्हणजे पुढे कुणी उघडले तर काय केले आहे ते त्याला कळेल.

मुळाकाठ

काम पूर्ण झाले, म्हणून शेवटची नोंद करतो.

पट्ट्यांचा संच बुधवार पेठेत साडेचारशे रुपयांना मिळाला, अ‍ॅल्युमिनियमच्या पाठीचा. जुना चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, नव्या पट्ट्या बसवल्या आणि काच ठेवण्यापूर्वी फक्त दुधी फळी ठेवून टेस्टरने सर्व १८ पेटवून पाहिले. त्यात एका भिंगाची बैठक हललेली लक्षात आली. तसेच बंद केले असते तर पडद्यावर पांढरा गोळा दिसला असता. ते भिंग पुन्हा चिकटवले, चिकटा वाळू दिला, मग फिल्म क्रमाने ठेवल्या. दोन फिल्मच्या मध्ये एक केस गेला होता, तो काढण्यात वीस मिनिटे गेली.

संच चालू झाल्यावर पट्ट्यांच्या जोडणीवर ५५ व्होल्ट स्थिर मिळाले आणि मीटर सिरीजमध्ये लावून मोजलेला प्रवाह २९६ मिलिअँप आला. दुपारी खिडकी उघडी असताना चित्र पूर्वीपेक्षा किंचित मंद वाटते, म्हणून आईने मेनूत बॅकलाइट ५० वरून ६५ केला. रात्री तिला काहीही फरक जाणवत नाही. आज अठरा दिवस झाले, संच रोज चार-पाच तास चालतो. सेवाकेंद्राचा ‘पॅनेल निकामी’ असा शेरा असलेला कागद आणि तो काळा ठिपका असलेली पट्टी या दोघांचे छायाचित्र खाली जोडले आहे. काढलेला २ ओहमचा रेझिस्टर झाकणाच्या आत, तारखेसह चिकटवला आहे.